उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार कशामुळे थांबला? १९७४ मध्ये फसलेला आणि १९९८ मध्ये टिकलेला करार

प्रश्न असा आहे: उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तीस वर्षं एकमेकांच्या जिवावर उठले होते, मग १९९८ मध्ये एकदम करार कसा झाला? दोन्ही बाजू थकल्या म्हणून, अमेरिकेने दबाव आणला म्हणून, की सामान्य माणसं रस्त्यावर उतरली म्हणून? आणि तो करार खरोखर टिकला आहे का?

मी मध्यस्थीचं काम करते आणि ते शिकवते. त्यातली काही वर्षं बेलफास्टमध्ये वस्तीपातळीवर काम करण्यात गेली. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ पुस्तकी राहिलेला नाही. माझं उत्तर आधी सांगून टाकते. थकवा होता, अमेरिका होती, रस्त्यावरची माणसंही होती. पण १९९८ च्या कराराचा सांगाडा १९७३ मध्येच तयार होता. दोन्ही समाजांचं संयुक्त मंत्रिमंडळ, डब्लिनशी जोडणारी संस्था, लोकांच्या संमतीशिवाय सरहद्द बदलणार नाही ही हमी, सगळं तेव्हाही कागदावर होतं. ते पाच महिन्यांत कोसळलं आणि पुढच्या दोन तपांत दोन हजारांहून अधिक माणसं मेली. एसडीएलपी या मवाळ कॅथलिक पक्षाचे नेते शेमस मॅलन १९९८ च्या कराराला 'उशिरा शहाणपण येणाऱ्यांसाठीचं सनिंगडेल' म्हणायचे (सनिंगडेल हे १९७३ चा करार झाला ते गाव), ते यामुळेच. म्हणून मला विचाराल तर खरा प्रश्न असा आहे: तोच माल पहिल्यांदा का खपला नाही आणि दुसऱ्यांदा का खपला?

त्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण 'धार्मिक दंगल' या चौकटीतून पाहिलं की पुढचं काहीच नीट उमगत नाही. तिथे कोणी बायबलच्या अर्थावरून बंदूक उचलली नव्हती. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असणं म्हणजे तुमचं आडनाव, तुमची शाळा, तुमची गल्ली, आणि तुम्हाला हा प्रदेश ब्रिटनमध्ये हवा की आयर्लंडमध्ये, याची खूण. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, ती कल्पना आयर्लंडमधूनच आली होती, आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव पेटला होता. आयरिश होमरूलला सगळ्यांत कडवा विरोध ईशान्येकडच्या प्रोटेस्टंटांचा होता. कॅथलिकबहुल आयर्लंडमध्ये आपण कायमचे अल्पसंख्य होऊ, ही त्यांची भीती. त्यातून १९२१ मध्ये फाळणी झाली. प्रोटेस्टंटांचं स्पष्ट बहुमत राहील असे सहा परगणे वेगळे काढून उत्तर आयर्लंड बनवलं गेलं, आणि त्यात एक मोठा कॅथलिक समाज मनाविरुद्ध अडकला.

पुढची पन्नास वर्षं तिथे एकाच पक्षाचं राज्य होतं. डेरी शहराचं उदाहरण घ्या. शहरात कॅथलिक जास्त, तरी वॉर्डांच्या सीमा अशा आखलेल्या की नगरपालिकेत युनियनिस्टांचे, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्यांचे, १२ आणि विरोधकांचे ८ सदस्य निवडून यावेत. स्थानिक निवडणुकीत घरपट्टी भरणाऱ्यालाच मत, त्यामुळे घराचं वाटप हे मताचंही वाटप होतं. १९६८ च्या जूनमध्ये कॅलेडन गावात एक सरकारी घर, मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबं रांगेत असताना, एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला मिळालं. आमदार ऑस्टिन करी त्या घरात शिरून बसले आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. नागरी हक्कांची चळवळ इथून उसळली. तिची मुख्य मागणी 'एक माणूस, एक मत' ही होती, आयर्लंडच्या एकीकरणाची नव्हती. तिच्यावर ५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीत लाठ्या चालल्या, पुढच्या वर्षी बेलफास्टमध्ये गल्ल्याच्या गल्ल्या जळल्या, ऑगस्ट १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं. ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १३ माणसं मेली, चौदावा जखमी नंतर गेला. १९७२ या एका वर्षात पावणेपाचशेहून अधिक बळी गेले, आणि हे सगळं पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या प्रदेशात.

आता सनिंगडेल. डिसेंबर १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या त्या गावी ब्रिटिश सरकार, आयरिश सरकार आणि उत्तर आयर्लंडमधले तीन मवाळ पक्ष बसले. १ जानेवारी १९७४ ला ब्रायन फॉकनर या युनियनिस्ट नेत्याच्या हाताखाली जेरी फिट हे कॅथलिक नेते उपप्रमुख झाले. असं तिथे पूर्वी कधीच घडलं नव्हतं. पण खोलीत कोण नव्हतं ते पाहा. कडवे युनियनिस्ट नेते इयन पेझली नव्हते. लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणारे प्रोटेस्टंटांचे सशस्त्र गट, नव्हते. एकसंध आयर्लंडसाठी लढणारी आयआरए ही सशस्त्र संघटना नव्हती, तिच्याशी जोडलेला शिन फेन हा पक्ष नव्हता. थोडक्यात, करार मोडण्याची ताकद ज्यांच्यात होती ते सगळे बाहेर आणि करार करण्याची इच्छा ज्यांच्यात होती ते सगळे आत. फेब्रुवारीत ब्रिटिश संसदेची निवडणूक लागली आणि उत्तर आयर्लंडमधल्या १२ पैकी ११ जागा करारविरोधकांनी जिंकल्या. मे महिन्यात प्रोटेस्टंट कामगारांच्या परिषदेने संप पुकारला. पहिल्या दिवशी फारसा जोर नव्हता. मग रस्त्यांवर टोळ्या उभ्या राहिल्या, आणि मुख्य म्हणजे बॅलीलमफर्डच्या वीज केंद्रातले कामगार संपात उतरले. वीज कमी झाली, कारखाने थांबले, पेट्रोल कोणाला द्यायचं ते संपकरी ठरवू लागले. सैन्याने अडथळे मोडून काढले नाहीत. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी दूरचित्रवाणीवर संपकऱ्यांना बांडगुळं म्हटल्यासारखं भाषण केलं, त्याने कुंपणावरचे प्रोटेस्टंटही तिकडे गेले. १७ मे रोजी डब्लिन आणि मॉनहनमध्ये लॉयलिस्टांच्या बॉम्बनी ३३ जण मारले. २८ मे रोजी फॉकनर यांनी राजीनामा दिला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी या दोन आठवड्यांवर सगळ्यांत जास्त वेळ थांबवते. मवाळांमधला करार हा मवाळांपुरताच राहतो, हे एरवी पटवून द्यावं लागतं. इथे ते तारीखवार दिसतं.

उलट टोकाला, फक्त बंदूकवाल्यांशी बोलूनही भागलं नाही. जुलै १९७२ मध्ये ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी आयआरएच्या शिष्टमंडळाला गुपचूप लंडनला, चेल्सीमधल्या एका घरात बोलावलं होतं. त्यात पुढे शिन फेनचे नेते झालेले गेरी अॅडम्स होते, त्यांना स्थानबद्धतेतून सोडून आणलं होतं, आणि मार्टिन मॅकगिनेस होते, दोघंही विशीतले. त्यांची मागणी ब्रिटिशांनी अमुक तारखेपर्यंत निघून जावं अशी. काही दिवसांतच युद्धबंदी मोडली आणि २१ जुलैला बेलफास्टमध्ये तासाभराच्या आसपास वेळात वीसएक बॉम्ब फुटले. प्रोटेस्टंटांशिवाय ब्रिटिशांशी तोडगा निघेल, ही समजूत आयआरएच्या मनातून जायला पुढे बरीच वर्षं लागली.

सामान्य माणसांच्या चळवळीबद्दल विचारलं आहे, तर १९७६ ची गोष्ट सांगायलाच हवी. १० ऑगस्टला बेलफास्टमध्ये सैनिकांनी आयआरएच्या एका पळणाऱ्या चालकाला गोळी घातली. त्याची गाडी फुटपाथवर चढली आणि आईबरोबर चाललेली तीन लहान भावंडं गेली. त्या मुलांची मावशी मेरेड कॉरिगन आणि शेजारच्या वस्तीतल्या बेटी विल्यम्स यांनी शांततेची हाक दिली, पत्रकार किरन मॅककिओन त्यांना येऊन मिळाले. काही आठवड्यांत हजारो बायका, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, एकमेकींच्या गल्ल्यांतून चालल्या. शँकिल रोडवर नन्सना प्रोटेस्टंट बायकांनी मिठ्या मारल्याचे फोटो आजही पाहायला मिळतात. दोघींना १९७६ चं नोबेल मिळालं. दोनतीन वर्षांत चळवळ ओसरली. बक्षिसाच्या पैशावरून मतभेद झाले, हे एक कारण लोक सांगतात, पण मला ते वरवरचं वाटतं. 'मारणं थांबवा' हे सांगणारी चळवळ 'मग तुरुंगांचं काय, पोलिसांचं काय, घरांचं काय' या प्रश्नांना उत्तर देत नव्हती, आणि सैनिकांच्या हिंसेबद्दल ती पुरेसं बोलत नाही असं कॅथलिक वस्त्यांत वाटत होतं. तरी मी तिला अपयशी म्हणणार नाही. १९७६ मध्ये सुमारे तीनशे बळी गेले होते, पुढच्या वर्षी तो आकडा सव्वाशेच्या आत आला. त्याचं श्रेय एकट्या चळवळीला देता येत नाही, सुरक्षा यंत्रणेचे डावपेच बदलले होते, लॉयलिस्ट गट थंडावले होते. पण शेजाऱ्याच्या खुनाला मूक संमती देणं अवघड झालं, हे त्या काळात तिथे राहिलेली माणसं अजून सांगतात.

खरं वळण तुरुंगातून आलं, आणि तेही फार क्रूर मार्गाने. आयआरएच्या कैद्यांना राजकीय कैद्याचा दर्जा नाकारला गेला, त्याविरुद्ध १९८१ मध्ये उपोषण सुरू झालं. उपोषण चालू असतानाच बॉबी सँड्स फर्मना व दक्षिण टिरोन मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि ५ मे रोजी, ६६ व्या दिवशी, मेझ तुरुंगात मरण पावले. त्यांच्यानंतर आणखी नऊ जण गेले. मार्गारेट थॅचर हटल्या नाहीत. पण रिपब्लिकन चळवळीला, म्हणजे आयआरए आणि शिन फेनला, एक गोष्ट हाताला लागली: लोक आपल्याला मत देतात. एकदा निवडणुकीची चव लागली की बॉम्बचा हिशोब बदलतो, कारण दर फसलेल्या बॉम्बमागे मतं जातात. नोव्हेंबर १९८७ मध्ये एनिस्किलनला स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात बॉम्बने ११ माणसं मेली. ढिगाऱ्याखाली मुलीचा हात धरून पडलेले आणि ती गमावलेले गॉर्डन विल्सन त्याच रात्री बीबीसीला म्हणाले की माझ्या मनात कोणाबद्दल वैर नाही. त्या वाक्याने आयआरएचं जेवढं नुकसान केलं तेवढं एखाद्या पलटणीनेही केलं नसतं.

शिन फेन निवडणुकीत वाढतोय या भीतीपोटीच लंडन आणि डब्लिन जवळ आले. १५ नोव्हेंबर १९८५ ला हिल्सबरोला थॅचर आणि आयरिश पंतप्रधान गॅरेट फिट्झजेरल्ड यांनी करारावर सह्या केल्या. उत्तर आयर्लंडच्या कारभारात आयरिश सरकारला प्रथमच अधिकृत सल्लागाराचं स्थान मिळालं. युनियनिस्टांना कोणी विचारलं नव्हतं. बेलफास्टच्या सिटी हॉलसमोर लाखाच्या घरात माणसं जमली. पण यावेळी संपाने मोडेल असं काही हाती नव्हतं, कारण हा करार दोन सरकारांमधला होता, त्याला वीज केंद्र लागत नव्हतं. मनाविरुद्ध का होईना, बोलणी केली तरच हे बदलता येईल, असं युनियनिस्ट नेतृत्वातल्या काहींना इथून वाटू लागलं. मध्यस्थाच्या नजरेने पाहता १९८५ चं महत्त्व फार मोठं आहे, आणि ते नेहमी कमी सांगितलं जातं.

मग ती गुप्त वाटचाल. बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातले फादर अॅलेक रीड हे रिपब्लिकन नेत्यांना जवळून ओळखत होते. एसडीएलपीचे जॉन ह्यूम आणि गेरी अॅडम्स यांच्यात त्यांनी निरोप नेले-आणले. १९ मार्च १९८८ चा एक प्रसंग आहे. आयआरएच्या एका माणसाच्या अंत्ययात्रेत साध्या वेशातले दोन ब्रिटिश सैनिक गाडीसह शिरले, जमावाने त्यांना ओढून काढलं आणि आयआरएने गोळ्या घातल्या. फादर रीड धावत गेले, एकाला तोंडाने श्वास देऊन पाहिला, ते रक्ताळलेल्या चेहऱ्याने मृतदेहाशेजारी गुडघे टेकून बसलेत असा फोटो जगभर छापला गेला. त्या क्षणी त्यांच्या कोटाच्या खिशात शिन फेनने ह्यूम यांच्यासाठी दिलेला कागद होता. पाकिटाला रक्त लागलं होतं. त्यांनी पाकीट बदललं आणि कागद ह्यूम यांच्या हाती पोचवला.

त्या कागदांवर वाद कशाचा होता? स्वयंनिर्णयाचा. शिन फेनचं म्हणणं, सगळ्या आयर्लंडच्या लोकांनी मिळून ठरवावं. युनियनिस्टांचं म्हणणं, उत्तर आयर्लंडच्या लोकांनी ठरवावं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरतील असं वाक्य शोधायला पाच वर्षं लागली. १९९० मध्ये ब्रिटिश मंत्री पीटर ब्रुक यांनी जाहीर सांगितलं की उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनचा स्वार्थी सामरिक किंवा आर्थिक हितसंबंध नाही. डेरीतले व्यावसायिक ब्रेंडन डडी यांच्यामार्फत ब्रिटिश गुप्तचर खातं आणि आयआरए यांच्यात निरोप चालूच होते. डिसेंबर १९९३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर आणि आयरिश पंतप्रधान अल्बर्ट रेनल्ड्स यांच्या संयुक्त निवेदनात ते वाक्य आलं: आयर्लंडच्या लोकांनीच स्वयंनिर्णय करावा, पण उत्तर आणि दक्षिण या दोन्ही भागांनी आपापली संमती देऊन. शब्दांचा हा खेळ वाटेल, पण माझ्या मते सगळा करार याच वाक्यावर उभा आहे. कोणाला आपलं ध्येय सोडावं लागलं नाही. युनियनिस्ट युनियनिस्ट राहिले, रिपब्लिकन रिपब्लिकन राहिले. सोडायला लागली ती फक्त बंदूक.

३१ ऑगस्ट १९९४ ला आयआरएने युद्धबंदी जाहीर केली. १३ ऑक्टोबरला लॉयलिस्टांनीही केली. ती वाचून दाखवली गस्टी स्पेन्स यांनी, ज्यांनी स्वतः खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगली होती, आणि त्यांनी निरपराध बळींच्या घरच्यांची जाहीर माफी मागितली.

इथून सगळं सुरळीत झालं असतं तर बरं. ब्रिटिश सरकारने आधी शस्त्रं द्या, मग बोलू, असा आग्रह धरला. माझ्या अनुभवात या मागणीइतकं बोलणी अडवणारं दुसरं काही नाही, कारण ज्याच्याकडे फक्त शस्त्र आहे त्याला ते देणं म्हणजे शरणागती वाटते. अमेरिकेतून आलेले जॉर्ज मिचेल यांनी सुचवलं की बोलणी आणि शस्त्रं सोडणं बरोबरीने चालू द्या, आणि प्रवेशासाठी सहा तत्त्वं मान्य करा, ज्यांत फक्त लोकशाही व शांततेचा मार्ग आणि शस्त्रत्यागाची बांधिलकी होती. सरकार घुटमळलं. ९ फेब्रुवारी १९९६ ला लंडनच्या डॉकलँड्समध्ये आयआरएचा बॉम्ब फुटला, दोन जण मेले.

बोलण्यांत कोण बसणार हे ठरवण्यासाठी मे १९९६ मध्ये निवडणूक घेतली गेली, आणि तिची रचना १९७४ च्या चुकीवर थेट उपाय होती. मतदारसंघांतून ९० जागा, आणि त्याशिवाय पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन. ही तरतूद मुख्यतः लॉयलिस्ट गटांशी जोडलेले छोटे पक्ष खोलीत यावेत म्हणून होती. या फटीतून आणखी एक पक्ष आत आला, ज्याची कोणी कल्पना केली नव्हती. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांच्यासह दोन्ही समाजांतल्या बायकांनी निवडणुकीच्या तोंडावर काही आठवड्यांत महिला आघाडी उभी केली, अवघी एक टक्का मतं मिळवली आणि दोन जागा घेतल्या. सभागृहात त्या बोलायला उठल्या की काही पुरुष सदस्य गाईसारखं हंबरत. तरी अंतिम करारात हिंसेच्या बळींचे हक्क, एकत्र शाळा, मिश्र वस्त्या यांचा उल्लेख त्यांच्यामुळे आला. बाकीचे पक्ष सरहद्दीवर भांडत असताना त्या उद्याच्या शाळेबद्दल बोलत होत्या.

दुसरा नियम 'पुरेशा सहमती'चा. ठराव मंजूर व्हायला सर्वांचं एकमत नको, पण युनियनिस्ट मतदारांच्या बहुमताचे आणि नॅशनलिस्ट (आयर्लंडचं एकीकरण हवं असलेल्या) मतदारांच्या बहुमताचे प्रतिनिधी, दोन्ही हवेत. त्यामुळे एकट्या छोट्या पक्षाला नकाराधिकार उरला नाही. मे १९९७ मध्ये टोनी ब्लेअर निवडून आले, जुलैत आयआरएने पुन्हा युद्धबंदी केली, सप्टेंबरमध्ये शिन फेन खोलीत आला, आणि शिन फेन येणार म्हणून पेझलींचा पक्ष, डीयूपी, आधीच बाहेर पडला होता. १९७४ मध्ये असं कोणी बाहेर असणं जीवघेणं ठरलं होतं. यावेळी डेव्हिड ट्रिंबल यांचा मोठा युनियनिस्ट पक्ष आणि लॉयलिस्टांचे दोन्ही छोटे पक्ष बसून राहिले, आणि संप पुकारू शकणारे हात खोलीच्या आत होते.

जानेवारी १९९८ मध्ये हेही तुटता तुटता वाचलं. डिसेंबरच्या अखेरीस मेझ तुरुंगात एका लॉयलिस्ट म्होरक्याचा खून झाला होता, बदल्याचे खून सुरू झाले, आणि लॉयलिस्ट कैद्यांनी बोलण्यांचा पाठिंबा काढून घेतला. उत्तर आयर्लंडच्या मंत्री मो मोलम स्वतः तुरुंगात गेल्या आणि खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांसमोर बसल्या. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांना धारेवर धरलं. काही तासांत कैद्यांनी पाठिंबा परत दिला. कैदी हे त्या वस्त्यांतले सगळ्यांत वजनदार लोक होते. तुरुंगातून होकार आल्याशिवाय बाहेर कोणी शस्त्र खाली ठेवणार नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मिचेल यांनी ९ एप्रिलची मुदत घातली. आयरिश पंतप्रधान बर्टी अहर्न यांच्या आईचं त्याच आठवड्यात निधन झालं. अंत्यविधीच्या दिवशी सकाळी बेलफास्टला बोलणी, दुपारी डब्लिनला आईला निरोप, संध्याकाळी पुन्हा बेलफास्ट, असं त्यांनी केलं आणि युनियनिस्टांना न पटणारी उत्तर-दक्षिण संस्थांची लांबलचक यादी कमी करायला तयार झाले. शेवटच्या दुपारी ट्रिंबल यांच्याच पक्षातले लोक अडले, ब्लेअर यांनी शस्त्रत्यागाबद्दल आश्वासनाचं पत्र दिलं, जेफ्री डोनल्डसन तरीही निघून गेले. १० एप्रिल १९९८, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी करार जाहीर झाला.

प्रत्येक घरी कराराची प्रत टपालाने गेली आणि २२ मे रोजी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सार्वमत झालं. उत्तरेत ७१ टक्के, दक्षिणेत ९४ टक्के होकार. दक्षिणेने उत्तरेच्या भूभागावरचा घटनात्मक दावा सोडला. ही १९७३ मध्ये नसलेली गोष्ट होती: नंतर कोणी 'हा नेत्यांचा सौदा' म्हणू शकत नव्हतं. तीन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, कराराला न मानणाऱ्या एका फुटीर गटाने ओमामध्ये बॉम्ब फोडून २९ जण मारले. करार मोडला नाही. त्या दिवसानंतर तसं करणाऱ्यांना लोकांत तोंड दाखवायला जागा उरली नाही.

काही गोष्टींची किंमत फार जड होती आणि ती लपवू नये. युद्धबंदी पाळणाऱ्या गटांचे कैदी दोन वर्षांत सुटले, चारशेहून अधिक. ज्याने वडिलांना मारलं तो बाजारात समोरून येताना पाहणारी माणसं तिथे आहेत. मी त्यांच्याबरोबर बसले आहे. त्यातल्या काहींनी या कराराला होकारार्थी मत दिलं होतं, आणि ते मत मागे घ्यायला तयार नव्हती. पण 'विसरा आता' असं त्यांना सांगायचा अधिकार कोणालाही आहे असं मला वाटत नाही. बळींच्या न्यायाचा प्रश्न करारात मागे ठेवला गेला, हा त्याचा सर्वांत मोठा दोष. डेरीच्या गोळीबारावर सॅव्हिल चौकशीचा अहवाल यायला जून २०१० उजाडला, तेव्हा डेव्हिड कॅमरन यांनी संसदेत तो गोळीबार असमर्थनीय असल्याचं मान्य करून माफी मागितली.

पोलिसांचा भाग मात्र यशाचा आहे. जुन्या दलात कॅथलिक सुमारे आठ टक्के होते. पॅटन आयोगाच्या शिफारशींवरून २००१ मध्ये नवं नाव, नवं बोधचिन्ह आलं आणि दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांची, निम्मी इतरांची केली. २०११ पर्यंत कॅथलिकांचं प्रमाण तीस टक्क्यांजवळ गेलं. शस्त्रांचं काम कॅनडाचे जनरल जॉन डी शॅस्टलेन यांच्या आयोगाने पाहिलं. सप्टेंबर २००५ मध्ये आयआरएने उरलेली शस्त्रं निकामी केली, तेव्हा साक्षीला एक मेथडिस्ट धर्मगुरू हॅरल्ड गुड आणि दुसरे फादर रीड होते. फोटो काढू दिला नाही. युनियनिस्टांना पुरावा हवा होता, आयआरएला शरणागतीचं चित्र नको होतं, म्हणून दोन विश्वासू डोळ्यांच्या जोड्या. मे २००७ मध्ये, करारावर आयुष्यभर आग ओकणारे इयन पेझली आणि आयआरएचे माजी कमांडर मार्टिन मॅकगिनेस एकाच सरकारचे प्रमुख आणि उपप्रमुख झाले.

टिकलं आहे का? हत्यांचं सत्र थांबलं, हे निर्विवाद. सरकार मात्र वारंवार बंद पडतं: २००२ ते २००७, २०१७ ते २०२०, पुन्हा २०२२ ते २०२४. दोन सर्वोच्च पदं एकमेकांना बांधलेली आहेत, एक गेलं की दुसरं जातं, त्यामुळे कोणताही एक मोठा पक्ष दार लावून बसू शकतो. दोन्ही ओळखी नाकारणाऱ्या मतदारांची संख्या वाढली आहे आणि काही महत्त्वाच्या ठरावांत त्यांच्या आमदारांच्या मताला तेवढं वजन नाही. ही त्रुटी दुरुस्त करायला हवी असं माझं ठाम मत आहे. ब्रेक्झिटने सरहद्दीचा प्रश्न पुन्हा उकरला. उत्तर आयर्लंडने ५६ टक्के मतांनी युरोपात राहायचं ठरवलं होतं. बेलफास्टच्या वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांतली काही दारं रात्री बंद होतात. मी काम करत होते त्या भागात शाळा सुटल्यावर मुलं दाराच्या आपापल्या बाजूने घरी जात. पहिली एकत्र शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये २८ मुलांवर सुरू झाली, तरी आजही दहातलं एक मूलसुद्धा अशा शाळेत जात नाही. राजकारण्यांनी सर्वांत कमी लक्ष दिलं ते इथे, आणि त्याचा मला खरोखर राग येतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील प्रथम मंत्री झाल्या, डीयूपीच्या एमा लिटल-पेंगली उपप्रथम मंत्री. उत्तर आयर्लंड हे राज्यच उरू नये असं मानणारा पक्ष त्याच्याच सरकारच्या प्रमुखपदी आला. एकीकरणासाठी सार्वमत घेण्याची तरतूद करारातच आहे: बहुमत त्या बाजूला असल्याचं ब्रिटिश मंत्र्याला दिसलं तर ते घ्यावंच लागेल, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचं अंतर हवं. पुढच्या काळातला मोठा वाद यावर होईल. अभ्यास पुढे न्यायचा असेल तर कराराची मूळ संहिता वाचा. ती तीसेक पानांची आहे, भाषा सोपी आहे, आणि त्यातलं संमतीचं कलम व कैद्यांचं कलम शेजारी ठेवून वाचलं की बरंच काही आपोआप कळतं.